ॲडमिशन ऑर्डर लिहिताना: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: इंटर्नशिप नुकतीच सुरू झालीये. हिस्टरी घेणं, तपासणं जमतं, पण ऑर्डर शीट, म्हणजे ॲडमिट केलेल्या पेशंटचं काय काय करायचं ते लिहायचा कागद, समोर आली की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. काहीतरी राहून जाईल अशी धास्ती असते.

राहतंच, सगळ्यांचं राहतं. म्हणून तर एडीसी व्हॅन्डलिझम हा जुना फॉर्म्युला आहे: ॲडमिट, डायग्नोसिस, कंडिशन, मग व्हायटल्स, ॲलर्जी, नर्सिंग, डाएट, ॲक्टिव्हिटी, लॅब, आयव्ही फ्लुइड, स्पेशल म्हणजे खास सूचना, आणि शेवटी मेडिसिन. पाठ करून टाका. पण नुसते रकाने भरू नका. तो कागद रात्री 3 वाजता सिस्टर वाचणार, तुम्ही तेव्हा दुसऱ्याच वॉर्डात असणार, तिला त्यातून जे कळेल तेवढंच पेशंटपर्यंत पोचणार. ‘व्हायटल्स बघा’ यातून काय कळलं तिला? दर 4 तासांनी, आणि वरचं बीपी 90 च्या खाली, पल्स 120 च्या वर किंवा सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 92 च्या खाली गेलं तर मला बोलवा, असं लिहा. हे आकडेही पेशंट बघून हं. सीओपीडीवाला (फुफ्फुसांचा जुनाट आजार) असेल आणि कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर टार्गेटच 88 ते 92 असतं, तिथे सवयीने ‘92 च्या खाली नको’ लिहिलंत तर सिस्टर बिचारी ऑक्सिजन वाढवत बसेल.

प्रश्न: घरच्या गोळ्यांसाठी सिनियर म्हणतात ‘सगळं चालू ठेवा’ एवढंच लिही. चालतं का?

नाही. एकेक औषध घ्या आणि ठरवा, चालू, बंद की डोस बदलायचा. किडनी अचानक बिघडलीये तर डायबेटिसचं मेटफॉर्मिन थांबवा, सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून, बीपी पडलंय तर बीपीच्या गोळ्या कशाला देताय? पण उलटी चूक जास्त घातक, म्हणजे एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही) लिहिलं की सगळंच बंद होतं. फिटची औषधं, बीटा ब्लॉकर, टाइप 1 डायबेटिसमधलं बेसल (दिवसभर पुरणारं) इन्सुलिन आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड, ही झटक्यात बंद करायची नसतात.

माझ्याकडून झालंय हे. पेशंट कित्येक महिने प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर, मी एनबीएम लिहिलं, गोळी बंद. दुसऱ्या संध्याकाळी बीपी खाली, आम्ही सलाईनवर सलाईन चढवतोय, शेवटी रजिस्ट्रारने विचारलं घरी काय घेत होते. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच, शिरेतून दिल्यावर काही तासांत बीपी वर आलं. त्या गोळीचं नाव हिस्टरीत माझ्याच अक्षरात होतं.

प्रश्न: एसओएस, म्हणजे गरज पडली तरच द्यायची औषधं कशी लिहायची?

कशासाठी, किती, किती तासांच्या अंतराने, आणि 24 तासांत जास्तीत जास्त किती. ‘पॅरासिटामॉल एसओएस’ ही अर्धवट ऑर्डर आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही, बारीक अंगाचा किंवा लिव्हर खराब असलेला असेल तर त्याहून कमी, आणि सर्दीच्या किंवा दुखण्याच्या कॉम्बिनेशन गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यातच धरायचं.

प्रश्न: माझं अक्षर वाईट आहे, काही उपाय?

सावकाश लिहा, दुसरं काय सांगू! पण अक्षर सुंदर असूनही घोळ होतात. 1.0 लिहू नका, पॉइंट पुसट झाला की 10 होतात, आणि .5 ऐवजी 0.5 लिहा. इन्सुलिनपुढे नुसता यू नको, तो शून्यासारखा दिसतो आणि 4 युनिटचे 40 होतात, युनिट हा शब्द पूर्ण लिहा. फोनवर ऑर्डर दिलीत तर सिस्टरला परत वाचून दाखवायला सांगा.

प्रश्न: आमच्याकडे कॉम्प्युटरवर तयार ऑर्डर सेट आहेत, क्लिक केलं की झालं. मग हे सगळं शिकायचं कशाला?

क्लिक केलं की काय झालं, ते कळायला! सेटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं एनॉक्सापॅरिन 40 मिलिग्रॅम आधीच टिक केलेलं असू शकतं, पण तुमच्या पेशंटचा क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि ब्लीडिंग होत असेल तर द्यायचंच नाही. सलाईनचंही तसंच. सुरू करायला एक क्लिक पुरतो, बंद करायचं मात्र कुणाच्याच लक्षात नसतं, पेशंट जेवायला लागून दोन दिवस झाले तरी बाटली लटकलेलीच. म्हणून सलाईनच्या ऑर्डरमध्ये किती तास ते लिहाच, आणि सकाळच्या राउंडला आदल्या दिवशीच्या ऑर्डर्समधलं काय बंद करायचं ते आधी बघा, नवीन लिहायचं नंतर.