वाचक विचारतात : पहिली तबकडी, दुसरा क्रमांक

प्रश्न : माझी नात जपानी भाषेच्या वर्गाला जाते. तिच्या आग्रहावरून उतादा हिकारू यांचे ‘ऑटोमॅटिक’ हे पदार्पणाचे गाणे ऐकले. त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या, तरीही ते पहिल्या क्रमांकावर कधीच आले नाही, असे ती सांगते. हे कसे? शिवाय त्यांची त्याआधीचीही ध्वनिमुद्रणे आहेत म्हणतात, मग याला पहिले का म्हणायचे? आणि आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकलेल्या माझ्या कानाला एक गोष्ट खटकली : शब्द मध्येच तोडलेले वाटतात. हा दोष नव्हे काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या नातीची माहिती बरोबर आहे. ‘ऑटोमॅटिक’ आणि ‘टाइम विल टेल’ ही दोन गाणी असलेली ही सिंगल ९ डिसेंबर १९९८ रोजी तोशिबा-ईएमआयने बाजारात आणली, तेव्हा ती लिहिणाऱ्या, स्वरबद्ध करणाऱ्या आणि गाणाऱ्या उतादा यांचे वय अवघे पंधरा होते. त्या काळी जपानमध्ये सिंगल म्हटली की ती आठ सेंटीमीटरच्या छोट्या सीडीवर, उभट आणि अरुंद पुठ्ठ्याच्या वेष्टनात मिळायची. नेहमीच्या बारा सेंटीमीटरच्या सीडीची पद्धत नुकतीच रुळू लागली होती. कंपनीने दोन्ही आकार काढले आणि ओरिकॉन या जपानी संस्थेच्या साप्ताहिक विक्रीयादीने त्यांची मोजणी स्वतंत्रपणे केली, त्यामुळे मोठी तबकडी दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणि छोटी चौथ्यापर्यंत पोहोचली. वीस लाखांचा आकडा मात्र दोन्हींच्या बेरजेचा आहे. शिवाय क्रमांक एका आठवड्यापुरता असतो आणि हे गाणे रेडिओवरून कानोकानी पसरत कित्येक आठवडे खपत राहिले. मार्च १९९९मध्ये आलेल्या ‘फर्स्ट लव्ह’ या अल्बमच्या जपानमध्ये पंचाहत्तर लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि तो तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला, त्याची पायाभरणी या सिंगलने केली होती.

‘पहिले’ हे विशेषण उतादा हिकारू या नावापुरते घ्यावे. न्यूयॉर्कमध्ये जन्म झालेल्या उतादा यांनी त्याआधी आईवडिलांसह ‘यू थ्री’ या नावाने आणि पुढे ‘क्युबिक यू’ या नावाने इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रित केली होती; ‘प्रेशस’ हा अल्बमही १९९८च्या आरंभीचाच.

आता आपल्या खऱ्या तक्रारीकडे येऊ. फोन सातव्यांदा वाजल्यावर कोणीतरी तो उचलते, अशी गाण्याची सुरुवात आहे. त्यातल्या ‘नानाकाइमे’ (सातव्यांदा) या पहिल्याच शब्दातले ‘ना’ एकटे पुढे येते, गळा क्षणभर थांबतो आणि उरलेला ‘नाकाइमे’ पुढच्या तुकड्यात पडतो. थोड्या अंतरावर ‘बेरु’ (घंटी) या शब्दाचीही तशीच फाळणी होते. जपानी गीतांत साधारणपणे एका अक्षराला एक स्वर देऊन शब्द सलग ठेवतात, त्यामुळे ही फोड तिथल्या श्रोत्यांच्याही चटकन लक्षात आली आणि तिच्याविषयी बरेच लिहिले गेले. अमेरिकेतल्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गायकीत शब्दापेक्षा ठेक्याच्या वजनाला मान असतो. उतादा यांनी तोच मान जपानी शब्दांवर चालवला.

भावगीतात असे कोणी केले असते तर आपण नाक मुरडले असते, आणि ते योग्यच ठरले असते. परंतु एकाच अक्षरावर तानांचा पाऊस पाडून शब्दाचे शेपूट पुढच्या आवर्तनात टाकणाऱ्या गायकांना आपण नाट्यपंढरीचे लोक ‘वन्स मोअर’ देत आलो आहोत, हेही विसरून चालणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे शब्द तुटतो तो स्वर लांबवल्यामुळे, इथे तो विरामामुळे तुटतो. म्हणून मी याला दोष म्हणणार नाही. पुढच्या वेळी ऐकताना शब्द सोडून केवळ ठेका धरावा, म्हणजे ‘ना’नंतरची ती रिकामी जागा मोजूनमापून ठेवलेली आहे, हे हातावर टाळी देतानाच कळेल.

यानंतरही मन रमले नाही, तर नातीकडून उतादा यांच्या मातोश्री फुजी केइको यांची गाणी मागून घ्यावीत. त्या एन्का या भावप्रधान जपानी गीतप्रकारातल्या गायिका; १९७० साली त्यांचा पहिला अल्बम सलग वीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. एन्कामध्ये स्वराला जे बारीक वळण देतात त्याला ‘कोबुशी’ म्हणतात, आणि मुरकीला सरावलेल्या आपल्या कानाला ते परके वाटणार नाही.