मतदान न घेता ठराव कसा करतात?

प्रश्न : आमच्या पाणीवापर संस्थेत हात वर करून ठराव झाला की हरलेले चारीवर भांडण काढतात. क्वेकर लोक मतदानच घेत नाहीत म्हणे. मग त्यांचे चालते कसे?
– एक शेतकरी, ता. चोपडा

उत्तर : बरोबर ऐकलंत. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती जमला. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्यांची श्रद्धा. म्हणून मते मोजायची नाहीत, मिळून वाट शोधायची. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे भुसावळ-इटारसी मार्गापलीकडचे होशंगाबाद, आताचे नर्मदापुरम. तिथल्या रसुलियात त्यांचे ग्रामकेंद्र होते.

सभा शांततेने सुरू होते. एक जण बोलला की थोडे थांबायचे, मगच दुसऱ्याने बोलायचे. तोच मुद्दा पुन्हा उगाळायचा नाही. सभा चालवणारा स्वतःचे मत रेटत नाही. सभेचा कौल जाणवला की ठराव तिथेच, सगळ्यांसमोर लिहून वाचतो आणि शब्द दुरुस्त करून घेतो. इतिवृत्त मागाहून लिहायचे नाही. आमच्या मते निम्मी भांडणे इथेच मिटतात. न पटलेला माणूस तसे सांगून बाजूला राहू शकतो. गाठ सुटलीच नाही तर विषय पुढच्या सभेला. तोवर जुनी व्यवस्था चालू.

बिघडते कुठे? गप्प बसलेल्याला राजी धरले की. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला नाव घेऊन विचारा. पाण्याची पाळी उद्याच सोडायची असेल तेव्हा ही पद्धत नको. रब्बीच्या पेरणीआधी बसा. कायद्याने मतदान लागते तिथे ते घ्याच, चर्चा मात्र आधी अशी करा.