‘गॉश’ म्हटलं तर तिसरी आज्ञा मोडते का?

जय ख्रिस्त ताई. तुमच्या मुलीने तरुण संघात ‘ओ माय गॉश’ म्हटलं, मंडळीच्या (चर्चच्या) वडीलजनांनी सगळ्यांसमोर तिला ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको’ ही दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा ऐकवली, आणि आता ती विचारतेय की शिवी दिलीच नाही तर पाप कसलं.

वडीलजनांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. ‘गॉश’ म्हणजे ‘गॉड’, ‘जीज’ म्हणजे ‘जीझस’, फक्त मुखवटा चढवलेला. असल्या पळवाटा प्रभूच्या काळीही होत्या: देवाची शपथ नको ना, मग स्वर्गाची घ्या, मंदिराची घ्या. बायबलमधलं मत्तय ५:३४-३७ आणि २३:१६-२२ एकत्र वाचा. स्वर्गाची शपथ घेणारा देवाच्या सिंहासनाची आणि त्यावर बसलेल्याचीही शपथ घेतो, असं येशू स्पष्ट सांगतो. अर्थात तिथे विषय शपथेचा आहे, सहज निघालेल्या उद्गाराचा नाही. म्हणून तो उतारा मी ‘गॉश’वर जसाच्या तसा लावणार नाही. ‘आयशप्पथ’वर मात्र तो थेट लागतो, आणि त्यावरून मंडळीत कोणी कोणाला टोकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही!

‘आयला’, ‘च्यायला’चं तेच. दादरला डोळ्यांदेखत लोकल सुटली की आपल्यातल्या भल्याभल्यांच्या तोंडून निघतं. मुळात ती आईवरूनची शिवीच, अर्धी गिळलेली. इंग्रजीवर डोळे वटारायचे आणि मराठीला सूट, हे मला पटत नाही.

‘हेक’ (म्हणजे ‘हेल’), ‘डार्न’ (म्हणजे ‘डॅम’) यांत देवाचं नाव नाही. तिथे इफिसकरांस ४:२९ पुरे: ऐकणाऱ्याचं त्याने काही भलं होतं का?

कॅथलिकांकडे हीच आज्ञा दुसरी. त्यांच्या कॅटेकिझमचा (धर्मशिकवणीच्या अधिकृत ग्रंथाचा) परिच्छेद २१४९ म्हणतो की निंदेचा हेतू नसला, तरी शपथेत देवाच्या नावाचा गैरवापर हा अनादरच. (कुलाब्याचं त्यांचं कॅथीड्रल तर पवित्र नावालाच वाहिलेलं आहे.)

मला जास्त खटकलं ते पोरीला चारचौघांत झापणं. मत्तय ५:२२ मध्ये भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला नरकाग्नीचा इशारा आहे, आणि ‘मूर्ख’ हा काही ओंगळ शब्द नव्हे; म्हणजे प्रश्न शब्दापेक्षा समोरच्याला तुच्छ लेखण्याचा आहे.

मी स्वतः ‘गॉश’, ‘जीज’ टाळतो, पण दुसऱ्याने म्हटलं तर त्यावर पापाचा शिक्का मारत नाही. मुलीला रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय (अशा मतभेदांत एकमेकांना दोषी ठरवू नका, असं सांगणारा) वाचायला द्या आणि तिचं तिला ठरवू द्या. वडीलजनांशी बोलायचं असेल तर घरी चहाला बोलवून बोला, संघात नको.