मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या प्वेर्तो वायार्ताहून डोंगरातलं सान सेबास्तियान देल ओएस्ते हे गाव एका दिवसात पाहून होतं का?

हो, आरामात होतं. गाडीने डोंगरातून साधारण दीड तास लागतो, सकाळी लवकर निघालात तर अंधार पडायच्या आत परत समुद्रकिनाऱ्यावर. कामानिमित्त मेक्सिकोतल्याच ग्वादालाहारा शहरात राहत असल्यामुळे त्या बाजूला माझं जाणं होतं. १६०५ साली वसलेलं हे चांदी-सोन्याच्या खाणींचं गाव मेक्सिकन क्रांतीनंतर ओस पडत गेलं, म्हणूनच पांढऱ्या भिंती, लाल कौलं आणि ओबडधोबड दगडी रस्ते जसेच्या तसे उरलेत. चौक आणि चर्च अर्ध्या तासात उरकतं. खरा वेळ द्या तो सांता हेर्त्रूदिस खाणीला आणि ला किंता या घरगुती कॉफीच्या मळ्याला. तिथे अंगणातच बिया वाळत घातलेल्या दिसतात आणि समोर भाजलेली कॉफी पुडीत बांधून मिळते. चांदीचे दागिने मात्र भाव न करता घेऊ नका.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा:
- बूट चांगल्या पकडीचे हवेत, दगड फार निसरडे.
- गाव सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. खाली घामाच्या धारा असल्या तरी हिवाळ्यात स्वेटर लागतोच.
- रोख पेसो जवळ असू द्या.

गावाजवळच्या ला बूफा शिखरावरून समुद्र दिसतो, पण वरचा रस्ता कच्चा आहे. जून ते ऑक्टोबर पावसाळा असतो, त्या दिवसांत फोर-बाय-फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) नसेल तर शिखराचा बेत सोडून द्या.