‘पुनरुत्पादक परांची’ की विरती जाळी?

प्रश्न असा: नाशिकच्या एका रुग्णालयासाठी जखमांचं माहितीपत्रक मराठीत करायचंय, ‘रिजनरेटिव्ह स्कॅफोल्ड’ला, म्हणजे नव्या पेशींना आधार म्हणून जखमेत बसवायच्या जाळीला, ‘पुनरुत्पादक परांची’ म्हणावं का?

पहिला शब्द आधी खोडा. पुनरुत्पादन म्हटलं की अंडी, बिया, पिल्लं आठवतात. इथे हवंय ते पुनर्जनन, पालीची शेपूट पुन्हा येते ते.

परांचीचं दुखणं वेगळं. ती इमारतीच्या बाहेर असते आणि काम झालं की उतरवून नेतात. हे साहित्य जखमेच्या आत बसतं, परत काढत नाहीत. निफाड-दिंडोरीकडच्या रुग्णाला द्राक्षाचा मांडव पटकन कळेल: वेल तारांवर चढतो, ओलांडे (वेलाच्या आडव्या फांद्या) पसरतात, तशा आजूबाजूच्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या जाळीत शिरतात. पण मांडव बाग असेपर्यंत टिकावा लागतो. ही जाळी टिकली तर बिघडतं.

संशोधक यानस आणि शल्यचिकित्सक बर्क यांची भाजलेल्या रुग्णांसाठीची 1981 सालची कृत्रिम त्वचा घ्या. खाली गाईच्या कोलॅजेनची (कातडीतल्या धाग्यासारख्या प्रथिनाची) सच्छिद्र जाळी, वर सिलिकॉनचा पापुद्रा. मेलेली कातडी पूर्ण काढून, रक्त थांबवून ती घट्ट बसवतात; खाली रक्त किंवा पाणी साचलं तर जाळी उचलली जाते आणि पेशी वर चढतच नाहीत. साधारण तीन आठवड्यांनी पापुद्रा सोलून त्या जागी रुग्णाचीच अगदी पातळ कातडी लावतात. सोलायचा तो फक्त पापुद्रा. कोलॅजेन आतच राहतं.

मग ‘विरघळणारी जाळी’? तेही नको. विरघळते ती साखर. कोलॅजेनचे धागे पेशींनी सोडलेली विकरं (एन्झाइम) हळूहळू तोडतात, जुनं लुगडं विरतं तसे. फार लवकर विरले तर आधार जातो आणि जखम आकसते. फार रेंगाळले तर शरीर जाळीला परकी वस्तू समजून तिच्याभोवती घट्ट आवरण धरतं. हा सगळा हिशेब ‘विरणे’ या एका क्रियापदात बसतो, म्हणून माझं मत ‘विरती आधारजाळी’ला. डॉक्टर तोंडाने ‘स्कॅफोल्ड’च म्हणणार, तेव्हा पहिल्यांदा दोन्ही शब्द शेजारी छापा.

आणि पत्रकात ‘व्रण भरून येईल’ असं वाक्य असेल तर तेही बदला. आयुर्वेदात व्रण म्हणजे जखम. आपल्या बोलण्यात मात्र जखम भरल्यावर मागे उरतो तो व्रण.