अडखळणे मोजण्याआधी

प्रिय विद्यार्थिमित्रा,
सप्रेम नमस्कार.

वाचाउपचाराच्या कामाला तू आता स्वतंत्रपणे सुरुवात करतो आहेस. समोरची व्यक्ती बोलताना किती वेळा अडखळली याची मोजदाद तुला करावीच लागेल, परंतु त्या आकड्यावरून तिच्या त्रासाची खोली कळेल असे समजू नकोस. काही माणसे तुझ्यासमोर अर्धा तास सफाईने बोलतील आणि तरीही त्यांचा तोतरेपणा तीव्र असेल, कारण अडेल असे वाटणारा प्रत्येक शब्द त्यांनी आयत्या वेळी बदललेला असतो. अशा व्यक्तीला तिचे नाव विचार. नाव बदलून सांगता येत नाही. ते ‘म’पासून सुरू होत असेल तर ओठ मिटतात ते उघडत नाहीत, आवाज गळ्यातच थांबतो, पापण्या घट्ट मिटतात, मानेला झटका बसतो आणि मग सगळे नाव एकदम बाहेर पडते. त्या काही क्षणांत नजर खाली वळवू नकोस आणि तिच्या वतीने नाव पुरे करू नकोस.

क्लटरिंग या तोतरेपणाहून वेगळ्या वाचादोषात चित्र निराळे असते. बोलण्याचा वेग अतिशय जास्त किंवा अनियमित होतो, शब्दांमधली अक्षरे गिळली जातात, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरे सुरू होते आणि बोलणाऱ्याला अनेकदा त्याची जाणीवही नसते. बोलण्याकडे लक्ष वेधले की अशा व्यक्तीचे बोलणे काही काळ सुधारते, तर तोतरेपणात त्याच सूचनेने बहुधा ताण वाढतो. दोन्ही एकाच व्यक्तीत आढळू शकतात, म्हणून निदानाची घाई नको. प्रौढ वयात अचानक अडखळणे सुरू झाले असेल, तर मात्र आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठव.

लहान मुलांबाबत अधिक सविस्तर लिहितो, कारण तिथे सल्ला चुकला तर त्याची किंमत मोठी असते. तोतरेपणा बहुधा 2 ते 5 या वयात सुरू होतो. सुमारे 5 टक्के मुलांमध्ये तो कधी ना कधी दिसतो आणि त्यांपैकी बहुतेकांचा जातो. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे 1 टक्का राहते. पण कोणत्या मुलाचा जाईल हे खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे ‘आपोआप जाईल’ असे म्हणून आईवडिलांना परत पाठवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. घरात आणखी कोणाला तोतरेपणा असेल किंवा वर्ष उलटूनही तो टिकला असेल, तर विशेष दक्ष राहा. आणि त्या आईवडिलांना अपराधी वाटू देऊ नकोस. पालकांनी मुलाच्या साध्या अडखळण्यावर ‘तोतरेपणा’ असा शिक्का मारल्यामुळे तो जडतो, असे अमेरिकी वाचातज्ज्ञ वेंडेल जॉन्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडले आणि कितीतरी माता त्या ओझ्याखाली दबल्या. ते मत आज टिकलेले नाही. आनुवंशिकता आणि बोलण्याशी निगडित मेंदूच्या जोडणीतील फरक यांकडे पुरावा बोट दाखवतो. 2010मध्ये तोतरेपणाशी संबंधित काही जनुकेही सापडली.

उपचारात अडखळणे संपवण्याचे वचन कोणालाही देऊ नकोस. शब्द अडला की जोर न लावता, ताण सैल करून त्यातून बाहेर येणे शिकवता येते. पहिल्या भेटीच्या नोंदीत आकड्याशेजारी आणखी एक गोष्ट लिही: या आठवड्यात बोलावे लागेल म्हणून त्या व्यक्तीने काय टाळले. न केलेला फोन किंवा वर्गात माहीत असूनही न दिलेले उत्तर, जे असेल तिथूनच पुढच्या भेटीचे काम ठरव.

तुझा हितचिंतक