तिला पाळक व्हायचं नाहीये, नीतिशास्त्र शिकवायचंय

दादा नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे लेक नगरला टी.वाय.बी.ए.ला, विषय तत्त्वज्ञान, घर पहिल्यापासून चर्चमधलं, आजोबा पाळक होते, आणि आता ती म्हणतेय की मला त्या अमेरिकेतल्या रिचर्ड माऊंसारखं ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकवायचंय. तुम्ही विचारताय हे कसलं करिअर, पोट भरतं का, आणि बी.ए. झाल्या झाल्या तिला सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात, घालायचं की गुपचूप बी.एड. करायला लावायचं.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. दोन्ही नको. आधी एम.ए. फिलॉसॉफी, तेही साध्या सरकारी विद्यापीठातून, म्हणजे पुणे विद्यापीठ तुम्हाला जवळच आहे.

का म्हणतोय ते तिच्या त्या माऊंकडे बघूनच कळेल. हा माणूस १९४० चा, कट्टर इव्हँजेलिकल (म्हणजे बायबललाच शेवटचा शब्द मानणारा प्रोटेस्टंट), पण पीएच.डी. केली शिकागो विद्यापीठात आणि तीही तत्त्वज्ञानात, सेमिनरीत नाही. मग मिशिगनमधल्या कॅल्विन कॉलेजात १९६८ ते ८५, सतरा वर्षं बी.ए.च्या पोरांना फिलॉसॉफी शिकवली. सतरा वर्षं, हे जरा अधोरेखित करून तिला दाखवा. त्यानंतर कुठे कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत ख्रिस्ती तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राचे प्राध्यापक, आणि १९९३ पासून २०१३ पर्यंत तिथले अध्यक्ष. लोकांना ती शेवटची खुर्ची दिसते, आधीचा फळा-खडू दिसत नाही. (फुलर सेमिनरी निघाली १९४७ ला, आणि त्याच साली आपल्या नगरात हिवाळे सरांनी अहमदनगर कॉलेज काढलं. तेव्हा ख्रिश्चन माणसाने सगळ्यांसाठी शिक्षणाचं काम करायचं हे काही तुमच्या गावाला नवीन नाही.)

आता कसलं करिअर, तर बघा, नीतिशास्त्राचा माणूस नुसतं बरंवाईट सांगत नाही, ते तर प्रत्येक रविवारी चर्चमध्ये ऐकायला मिळतं. गर्भपात, युद्ध, श्रीमंती, मरणाच्या दारातल्या पेशंटचं व्हेंटिलेटर काढायचं का, असल्या प्रश्नांवर आपला विश्वास न लपवता पण समोरच्याला पटेल अशा भाषेत युक्तिवाद करायचा हे त्याचं काम. १९७३ साली शिकागोत काही इव्हँजेलिकल मंडळींनी जाहीरनामा काढला, की वंशभेद आणि गरिबी यांवर आपण गप्प बसलो ही आपली चूक आहे, त्यावर माऊंचीही सही होती. आणि २००४ ला तर ते सॉल्ट लेक सिटीत, मॉर्मन लोकांच्या (ज्या पंथाला बाकीची बरीच चर्च ख्रिस्तीच मानत नाहीत) मुख्य सभागृहात उभे राहून म्हणाले की आम्ही तुमच्याविषयी चुकीचं सांगत आलो, हे आमचं पाप आहे. घरच्याच लोकांनी किती झोडपलं असेल विचार करा. पण शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा दहांतलीच आहे ना, त्यांनी ती फक्त स्वतःच्या लोकांना लावली. मला विचाराल तर या धंद्यातलं खरं कौशल्य हेच आहे आणि ते नुसत्या आपल्याच माणसांत बसून येत नाही, म्हणून मी आधी साधं विद्यापीठ म्हणतोय, जिथे बाजूच्या बाकावर नास्तिक पण असेल आणि वारकरी पण.

पैशाचं स्पष्ट बोलतो. एम.ए. करता करता नेट-सेटची, म्हणजे कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षांची, तयारी. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, म्हणजे पीएच.डी. चालू असताना ती तुमच्यावर ओझं नसेल. नाही मिळाली तर मात्र तासिका तत्त्वावर धावपळ, आणि फिलॉसॉफीच्या जागा निघतात किती हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

सेमिनरी नकोच असं नाही, नंतर करू दे. पुण्यातच बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, आधी ती यवतमाळला होती, १९८३ ला पुण्यात आली. फक्त प्रवेशाआधी डिग्री कोण देणार हे लेखी विचारा. बंगालातल्या सेरामपूर कॉलेजला १८२७ च्या डॅनिश राजाच्या सनदेपासून पदवी द्यायचा अधिकार आहे, बाकी काही ठिकाणच्या डिग्र्या चर्चच्या जगात चालतात आणि सरकारी फॉर्मवर चालत नाहीत. माझ्याकडे एक मुलगा आला होता, पाच वर्षं शिकून नेटचा फॉर्म भरायला बसला तेव्हा त्याला हे कळलं, काय बोलणार मग. सेमिनरीत शिकवायला लागली तर पगार कॉलेजच्या मानाने कमी, बहुतेक ठिकाणी क्वार्टर मिळतं. आणि पाळकाची दीक्षा शिकवायला लागत नाही, त्यामुळे मुलीला कोण पाळक करणार ही तुमची काळजी इथे गैरलागू आहे.

अजून एक वाट आहे जी कुणी सांगत नाही. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी हॉस्पिटलात एथिक्स कमिटी लागते, २०१९ च्या नियमांप्रमाणे निदान सात जणांची, आणि त्यात एका जागेसाठी समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतिशास्त्रज्ञ किंवा चक्क धर्मशास्त्रज्ञ चालतो, कायद्यात तसं लिहिलंय. ही पगारी नोकरी नव्हे, मीटिंगचं मानधन फार तर, पण बायोएथिक्समध्ये शिरायला याच्यासारखं दार नाही.

अमेरिकेचं आत्ता डोक्यातून काढा. तिकडे फिलॉसॉफीच्या पीएच.डी.ला चांगल्या विद्यापीठात फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, सेमिनरीच्या मास्टर्सला मात्र सहसा खिशातून भरावं लागतं, तेव्हा कर्ज काढून तिकडच्या सेमिनरीत पाठवू नका, एम.ए. झाल्यावर बघू.

आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या. दोन पानं, कुठलाही एक प्रश्न घेऊन, तिचं मत आणि तिच्या विरोधकाचं मत, विरोधक वाचून म्हणाला पाहिजे की हो बाई, मला हेच म्हणायचं होतं. ते वाचलं की मी सांगतो एम.ए.ला कुठले पेपर घ्यायचे.